लागल्यास

खालच्या गिरणीसमोर भाजणीच्या डब्यांची रांग लागली की माझं डोकं फिरतं. ऑक्टोबरचा उकाडा, दुपारचं डोळ्यांत खुपणारं ऊन आणि जिन्यातून वर येणारा भाजलेल्या डाळीचा, धण्याजिऱ्याचा वास. लोकांना त्या वासाने दिवाळी आठवते. आठवू दे की, माझं काही म्हणणं नाही. मला माझ्या पोटावरचे टाके आठवतात. मी उठते आणि खिडकी लावून घेते. सासूबाई विचारतात, "अगं सुमन, एवढ्या उकाड्यात खिडकी कशाला लावतेस?" मी म्हणते, "पीठ येतं घरात." पीठबीठ काही येत नाही, हे त्यांनाही दिसतं.

आमचं घर डोंबिवलीला, गिरणीच्या बरोबर डोक्यावर. घर घेताना माझ्या मिस्टरांना ही मोठी सोय वाटली होती. दळणाला लांब जायला नको! एरवी गिरणी सकाळ-संध्याकाळ चालायची, कानांना तिचं काही वाटत नसे. पण नवरात्र संपलं की दिवाळीच्या भाजण्या सुरू व्हायच्या आणि मग ती दुपारचीही थांबायची नाही. तिची थरथर भिंतीतून पलंगात यायची, पलंगातून माझ्या पाठीत आणि पाठीतून टाक्यांत. झोपून बघा कधी असं. त्या वर्षी अख्खा ऑक्टोबर मी त्या पलंगावर टक्क डोळ्यांनी पडून काढला. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली आणि माझा राग आहे तस्सा आहे.

माझी पिशवी काढली होती. आपल्याकडे असंच म्हणतात ना, पिशवी. गर्भाशय म्हणायला जीभ अडखळते. भाजीची पिशवी, दळणाची पिशवी, तशीच ही एक. काढली आणि खुंटीला लावली. सासूबाईंनी जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "सुनेची पिशवी काढली हो." दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. तो बिचारा पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे न बघता दूध मापायचा.

ऑपरेशन ठाण्याला झालं, नौपाड्यातल्या एका नर्सिंग होममध्ये. तिथे मला झोप लागत होती. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे घरात सगळ्यांनी 'हिची झोप पहिल्यापासूनच कमी' असं चालवलं. तिथे सिस्टर यायच्या, विचारायच्या, "दुखतंय?" मी "हो" म्हणायचे, त्या गोळी द्यायच्या. एवढं सोपं होतं ते. घरी आणलं टॅक्सीने, मुंब्र्यावरून शीळफाट्याने, पावसाळ्यात पार उखडलेल्या रस्त्यावरून. मी पोटाशी उशी आवळून बसले होते. मिस्टर पुढे ड्रायव्हरशेजारी होते. प्रत्येक खड्ड्याला मागे वळून विचारत होते, "लागलं का गं?" म्हणजे माणूस वाईट नाही. वाईट असते तर मी केव्हाच त्यांचा नाद सोडला असता.

येताना औषधं बरोबर दिली होती. बाकीच्या पुड्यांवर औषधवाल्याने सकाळ, दुपार, संध्याकाळ असं लिहिलं होतं. दुखण्याच्या गोळ्यांच्या पुडीवर एकच शब्द होता, 'लागल्यास'. त्या एका शब्दाने माझी वाट लावली. लागल्यास म्हणजे कुणाला लागल्यास? मी समजले, मला. पोट माझं, टाके माझे, तेव्हा लागते की नाही ते मीच सांगणार. केवढा माझा भाबडेपणा! आपल्या भाषेत सगळंच लागतं. ठेच लागते, भूक लागते, उचकी लागते, झोप लागते. त्यात कुणी त्या माणसाला दोष देत नाही. पण सवय लागते म्हटलं की लगेच तो माणूस गुन्हेगार, आणि त्यातून बाई असली तर बघायलाच नको.

मिस्टर ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते, पण जीव सगळा होमिओपॅथीत. पुस्तकं वाचून शिकलेले. त्यांची एक लाकडी पेटी होती, तिच्यात बुचाच्या बारीक बारीक बाटल्या आणि बाटल्यांत साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या. पोरांच्या सर्दीपासून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यापर्यंत बिल्डिंगमधले सगळे रोग त्या पेटीत होते. एके दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "आता त्या दुखण्याच्या गोळ्या बंद करू. टाके निघाले, जखम भरली. उगाच सवय लागायची."

"अहो, पण दुखतंय ना अजून."

"थोडं दुखणारच. सोसायला हवं."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठे होत्या गं गोळ्या?"

आणि मिस्टरांनी ती पुडी उचलली, शर्टाच्या खिशात घातली आणि कामावर गेले. माझं दुखणं डोंबिवलीला आणि त्यावरची गोळी वागळे इस्टेटला! मी संतापाने ताडकन उठायला गेले आणि तितक्यात पोटात अशी कळ आली की तशीच आडवी झाले.

त्या गोळ्या एकदम बंद केल्यावर काय काय झालं, ते मी तेव्हाही सांगत होते. पाय जागेवर राहीनात. पोटऱ्यांत सारखं काहीतरी वळवळायचं, वाटायचं उठून लाथा झाडाव्यात. घामाने उशी भिजायची आणि मग त्या मरणाच्या उकाड्यात हुडहुडी भरायची. डोळे मिटले की आत लख्ख जाग. रात्रींचं सोडा, रात्री निदान घरातली माणसं आपापली घोरत असत. खरा छळ दुपारचा. दुपारी अख्खं घर मला 'झोप' म्हणायचं आणि घरातलं कुणी मला झोपू द्यायचं नाही.

माझी चारू तेव्हा सातवीत होती. तिची सहामाही परीक्षा. ती माझ्या पायाशी बसून इतिहास घोकायची, कारण आजीने सांगितलेलं, "आईजवळ बस, तिला बरं वाटेल." खाली गिरणी. मागच्या अंगणात दिवाळीच्या आधी गाद्या पिंजून घ्यायला लोकांनी पिंजारी बसवलेला, त्याची ती टंण् टंण् चाललेली. स्वयंपाकघरात सासूबाई डबे घासायला काढत. त्या सगळ्या गदारोळातून दर थोड्या वेळाने एक आवाज यायचा, "झोपलीस का गं?" मी म्हणायचे, "नाही." "मग झोप की! दुसरं काय काम आहे तुला?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं, सांगा.

मिस्टरांनी उपाय काढला. पेटीतल्या साबुदाण्याच्या गोळ्या. चार जिभेवर, दुपारी आणि निजताना. गोड लागायच्या, नाही म्हणत नाही. पण त्यांची पथ्यं! कॉफी बंद, कारण त्या औषधाला कॉफी मारते. मला एक कपभर कॉफीचा काय तो आधार होता, तो गेला. बाम बंद. कपाळ ठणकलं की मी बाम चोळायचे, तर बामच्या वासाने म्हणे औषधाचा गुण जातो. बाटली उचलून थेट शेजारी जोगळेकर वहिनींकडे ठेवायला दिली. कच्चा कांदा बंद, हिंग बंद. मग घरातली आमटी बिनहिंगाची, आणि जेवताना सगळे माझ्याकडे बघायचे, जणू मीच हिंग खाऊन टाकलाय. सासूबाईंच्या आरतीचा कापूर मात्र चालत होता. त्याने कुठल्याच गोळीचा गुण जात नव्हता.

शेवटी मी शहाणी झाले. डोळे मिटून पडायला लागले. झोपेसाठी नाही, माणसं जावीत म्हणून. डोळे मिटले की चारू पुस्तक घेऊन बाहेर जायची, सासूबाई विचारायचं बंद करायच्या. संध्याकाळी मिस्टर आले की त्यांना कौतुकाने बातमी मिळायची, "आज दुपारी दोन तास झोपली हो." मिस्टरांचा चेहरा असा काही खुलायचा! आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या चार गोळ्यांनी काम केलं. दुखणं निम्मं मनाचंच असतं." मी आतून ऐकायचे. मग काय, बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला. ज्याला झोप येत नाही तो आमच्या दारात. माझ्या न लागलेल्या झोपेवर ह्यांची प्रॅक्टिस चालू झाली, आणि मी आतल्या खोलीत टक्क जागी.

जोगळेकर वहिनी समाचाराला यायच्या, खुर्ची पलंगाला टेकवून बसायच्या. त्या बसल्या की खुर्ची हलायची, खुर्ची हलली की पलंग. म्हणायच्या, "किती सोशीक आहे हो तुमची सून! तोंडातून शब्द नाही." कसा नाही? सकाळपासून तेच ते सांगून माझ्या तोंडाला कोरड पडलेली. दुखतंय, गोळी द्या. ह्याहून सोपं मराठी मला येत नाही. पण 'सोशीक' म्हटलं की विषय संपतो. ती शाबासकी नव्हे, तोंडावर ठेवलेला हात आहे. कुणी कुणाला सोशीक म्हणताना ऐकलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे सगळं यंदा वर आलं, कारण यंदाच्या ऑक्टोबरात मिस्टरांचं ऑपरेशन झालं. मूळव्याध. आता हे इथे लिहिलं म्हणून घरात माझ्यावर डोळे वटारले जातील. सासूबाई बिल्डिंगमध्ये सांगतात, "जरा पोटाचं ऑपरेशन झालंय." माझी पिशवी दूधवाल्यापर्यंत गेली, आणि लेकाचं दुखणं मात्र पोटाचं! बरं, तेही असो. घर बघाल तर ओळखू येणार नाही. टीव्ही बंद. दाराच्या बेलची वायर काढून ठेवली. सासूबाई ह्या वयात जिना उतरून गिरणीवाल्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "दुपारची जरा बंद ठेव रे बाबा, मुलाचं ऑपरेशन झालंय." आणि त्याने ठेवली! इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं, की ती गिरणी नुसतं सांगितल्यावर बंद होते.

परवा दुपारी माझ्या हातून वाटी पडली. चारू आता नोकरी करते, वडिलांसाठी रजा काढून घरी होती. धावत आली, तोंडावर बोट ठेवून. "शू! आई, हळू ना. बाबांचा आत्ता कुठे डोळा लागलाय." मी तशीच उभी राहिले. वाटी उचलायचीसुद्धा शुद्ध नव्हती. रात्री तिला म्हटलं, "माझ्या वेळी तू माझ्या पायाशी बसून अफजलखानाचा वध घोकत होतीस." ती हसली. म्हणाली, "पण आई, तू तेव्हा बोलली का नाहीस?"

ह्या प्रश्नाइतका संताप मला कशाचाच येत नाही. बोलले होते गं! रोज बोलत होते. डॉक्टरीणबाईंसमोरही बोलले. दाखवायला नौपाड्याला गेलो, तेव्हा बाईंनी फाइलमधून मान वर करून विचारलं, "झोप लागते का पेशंटला?" विचारलं मिस्टरांना. मिस्टर म्हणाले, "हो, दुपारी छान झोपते." मी म्हटलं, "नाही लागत. गोळ्या बंद केल्यापासून डोळ्याला डोळा नाही." बाई मिस्टरांना म्हणाल्या, "एकदम बंद केल्यात? हळूहळू कमी करायच्या असतात हो." मला वाटलं, आता तरी! मिस्टर म्हणाले, "आता झालं." बाईही म्हणाल्या, "हं, आता झालं," आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माझ्या बाजूने बोललं गेलेलं ते एकमेव वाक्य, आणि तेसुद्धा माझ्याशी नव्हतं.

झोप लागली ती एकदाच. त्या दुपारी लाइट गेली. गिरणी थांबली. भिंत गप्प झाली, पलंग गप्प झाला. इतकी शांतता की आधी मला भीतीच वाटली. पिंजारी त्या दिवशी आला नव्हता, चारू परीक्षेला गेलेली. पंखा बंद, अंगाला घामाच्या धारा, आणि मला झोप लागली. खरी झोप. तिला तळ होता. मी अशी खाली खाली गेले आणि तिथे काही दुखत नव्हतं. मग कुणीतरी खांदा धरून हलवलं. सासूबाई. "उठ गं. लाइट आली. दिवेलागणीला झोपू नये, लक्ष्मी यायची वेळ." मी उठले. म्हणजे उठवलं गेलं. खाली गिरणी सुरू झाली होती. मी पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडले. सासूबाईंना वाटलं, दुखतंय. दुखतंय असं वाटलं, तेव्हाही गोळी मिळाली नाही. त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला.

पुढे हळूहळू सगळं ताळ्यावर आलं. दिवाळी झाली, भाजण्या संपल्या, पाय शांत झाले. शरीराचं काय, ते विसरतं. मी काही मोठं मागत नव्हते, आजही मागत नाही. कुणीतरी एकदा म्हणावं, 'हो, सुमन, तुला लागत होती ती गोळी. तू खरं सांगत होतीस.' बास. ह्या घरात इतकी वर्षं मी सगळ्यांचं खरं मानत आले. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवणाऱ्या चारूचंसुद्धा. माझं तेवढं एक कुणी मानलं नाही.

आता ह्यांच्या गोळ्यांचं ऐका. ह्यांनाही तशीच पुडी मिळाली आणि तिच्यावरही तेच, 'लागल्यास'. पुडी माझ्या ताब्यात. ह्या वेळी मी घेतली ती, कुणाला न विचारता. काल दुपारी मिस्टर कुशीवर पडून कण्हत होते. म्हणाले, "सुमन, गोळी दे गं."

सासूबाई लगेच, "दे गं दे. कशाला सोसायचं? गोळ्या आहेत ना आता."

मी आत गेले आणि कपाटाच्या वरून ती लाकडी पेटी काढली. धूळ पुसून पलंगावर त्यांच्यासमोर ठेवली. "ह्यातली कुठली देऊ? चार जिभेवर?"

मिस्टरांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, हे ऑपरेशन आहे. ह्याला ते चालत नाही."

"मग माझं काय होतं? डोहाळजेवण?"

"आता कुठलं काय काढतेस तू," ते म्हणाले. "दुखतंय गं. दे ना."

मी पाण्याचा पेला भरला आणि खरी गोळी दिली. मोठ्या मनाने दिली असं कुणी समजू नका. मनात काय काय येऊन गेलं, ते माझं मला माहीत. पण लागते म्हणाले म्हणजे लागते. ते ठरवणारी मी कोण? तेवढं एक मला त्या ऑक्टोबराने शिकवलंय, आणि ते मी त्यांच्यासारखं खिशात घालून फिरणार नाही. गोळी गिळून त्यांनी मान टेकली आणि मी खुर्ची ओढून बसले. पलंगाला न टेकवता. म्हटलं, "अहो, आज मला तुमच्याशी बोलायचंय. त्या वेळच्या माझ्या गोळ्यांचं." म्हणाले, "बोल की." आणि मी सुरुवात केली. शीळफाट्याचे खड्डे, ती पुडी, तो शर्टाचा खिसा. पायांच्या वळवळीपाशी आले आणि बघते तर माणूस घोरतोय.

इतक्या वर्षांनी मी तोंड उघडलं, आणि मीच दिलेल्या गोळीने ह्यांना झोप लागली.

मी तशीच बसून राहिले. ऊन उतरलं. संध्याकाळ झाली. बाहेर जोगळेकर वहिनी आल्या होत्या, त्यांना सासूबाई कुजबुजत सांगत होत्या, "झोपलाय. मोठा सोशीक हो माझा मुलगा." मग त्यांनी देवापुढे निरांजन लावलं, आमच्या खोलीच्या दारात येऊन आत डोकावल्या आणि घंटासुद्धा न वाजवता परत गेल्या. म्हणाल्या, "झोपू दे त्याला. आजारी माणसाला दिवेलागण नसते."

मी उठले. दार लावून घेतलं. आणि पंखा बंद केला.

ऑक्टोबरचा उकाडा आपलं काम चोख करतो. थोड्याच वेळात मिस्टरांच्या कपाळावर घाम आला. मान हलली, डोळे उघडले. "काय झालं? लाइट गेली का?"

"नाही," मी म्हटलं. "दिवे लागलेत. दिवेलागणीला झोपू नये. उठा."

ते कोपरावर टेकून उठायला लागले आणि तोंड वाकडं झालं. "दुखतंय गं, सुमन."

"दुखत असणार," मी म्हटलं. मी विचारलंही नाही, खरंच का म्हणून. त्यांच्या पाठीशी उशी लावून दिली, खुर्ची पुढे घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.